मांडीवरचा पट्टा

टाके निघतात, सूज ओसरू लागते आणि मग पेशंटचं लक्ष आपल्या मांडीकडे जातं. दुसऱ्या पायाच्या मानानं ती बारीक झालेली असते, हाताला लिबलिबीत लागते. “गुडघा खाली दाबा, मांडी आवळा,” असं फिजिओथेरपिस्ट सांगतो. पेशंट दात-ओठ खाऊन प्रयत्न करतो आणि वाटीच्या वरचा स्नायू जेमतेम थरथरतो. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट, शस्त्रक्रियेनं नवं करून घेतलेल्या बहुतेकांच्या वाट्याला हा अनुभव येतो. अवघ्या दोन आठवड्यांत मांडीच्या पुढच्या स्नायूंचा पाचवा हिस्सा झिजल्याची मोजमापं उपलब्ध आहेत.

या झिजेवरचा एक उपाय ऐकायला अगदी उलटा वाटतो. त्याच मांडीला वरच्या टोकाशी पट्टा आवळायचा, रक्ताचा प्रवाह काही अंशी अडवायचा आणि एरवी निरुपयोगी ठरेल इतक्या हलक्या वजनावर व्यायाम करायचा. ‘ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून आज त्याला बीएफआर म्हणतात. जपानमधल्या एका तरुणाच्या मनात आलेली ही कल्पना प्रयोगशाळेत पोहोचायला तीस वर्षं लागली. पुढे अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयातून आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतून ती जगभरच्या फिजिओथेरपीच्या खोल्यांमध्ये गेली. हा प्रवास समजून घ्यायचा तर आधी दुखऱ्या गुडघ्याची अडचण कुठे आहे ते पाहावं लागतं.

गुडघ्याला मार बसला किंवा त्यात पाणी झालं की सांध्यातून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश बदलतात आणि मज्जारज्जू मांडीच्या पुढच्या स्नायूंना मिळणारा हुकूमच कमी करतो. सांध्यात द्रव भरून तो फुगवला तर हे स्नायू दबतात, असं १९६५ मध्येच संशोधकांनी दाखवून दिलं होतं. त्यामुळे पेशंटनं कितीही मनावर घेतलं तरी सुरुवातीचे आठवडे स्नायू पूर्ण ताकदीनं आवळला जात नाही. आवळला जात नाही म्हणून झिजतो, आणि झिजला की गुडघ्याला आधार उरत नाही. हे चक्र तोडायला स्नायूवर भार टाकावा लागतो. किती भार टाकायचा, हाच सगळ्या वादाचा मुद्दा.

याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धानं दिलं होतं. शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये जखमी सैनिकांची रीघ लागली होती आणि गुडघे दुखावलेल्यांची संख्या मोठी होती. हलके, दमछाक करणारे व्यायाम महिनोन्‌महिने करूनही त्यांची ताकद परतत नव्हती. तिथे काम करणारा थॉमस डिलॉर्म हा तरुण डॉक्टर लहानपणी संधिवाताच्या तापातून उठलेला आणि वजनं उचलून स्वतःची तब्येत कमावलेला. त्यानं सैनिकांच्या पायात लोखंडी बूट चढवले, त्यांना वजनं अडकवली आणि भार पायरीपायरीनं वाढवत नेला. १९४५ मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. ताकद हवी असेल तर भार जड हवा, हा त्याचा सांगावा. पुढे त्यानंच व्यायामाच्या फेऱ्या कमी करून दहा-दहाच्या तीनवर आणल्या. जिममध्ये आजही ऐकू येणारा हा हिशेब तिथूनच आला. माणूस जे वजन जेमतेम एकदाच उचलू शकतो, त्याच्या साधारण ७० टक्के भार उचलल्याशिवाय स्नायू नीट वाढत नाही, हा पुढच्या पिढ्यांचा ठोकताळा त्याच वाटेवरचा.

पण जो नियम सैनिकांच्या गुडघ्यांना चालला तो नव्या लिगामेंटला झेपत नव्हता.

तुटलेलं लिगामेंट शिवण्याचा प्रयत्न इंग्लंडमधल्या लीड्स शहरात मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्येच केला होता. शरीरातलीच दुसरी पट्टी घेऊन नवं लिगामेंट घडवण्याची वाट हे-ग्रोव्ह्ज या ब्रिटिश शल्यचिकित्सकानं १९१७ मध्ये दाखवली. मात्र शस्त्रक्रिया झाल्यावर पाय प्लास्टरमध्ये घालून आठवडेच्या आठवडे ठेवण्याची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली. प्लास्टर निघायचं तेव्हा आत ताठर झालेला गुडघा आणि काडीसारखी मांडी असायची. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे डोनाल्ड शेलबोर्न यांच्या लक्षात आलं की, डॉक्टरांच्या सूचना धाब्यावर बसवून लवकर चालू-फिरू लागलेले पेशंट आज्ञाधारक पेशंटांपेक्षा बरे निघतात. १९९० मध्ये त्यांनी गतिमान पुनर्वसनाचा आराखडा मांडला. गुडघा पहिल्या दिवसापासून सरळ करायचा आणि पायावर लवकर वजन घ्यायचं, असा तो कार्यक्रम.

तरी एक अडचण उरलीच. मांडीच्या मागच्या स्नायूची किंवा वाटीखालची कंडरा घेऊन केलेलं नवं लिगामेंट बसवल्या दिवशी मजबूत असतं, पण नंतर त्यातल्या जुन्या पेशी मरतात, नव्या पेशी आणि रक्तवाहिन्या त्यात शिरतात आणि या उलथापालथीत सुरुवातीचे काही महिने ते कमकुवत होतं. नेमक्या याच काळात मांडी सर्वाधिक झिजते. स्नायूला जड वजन हवं असतं आणि लिगामेंटला ते सोसत नाही. आजच्या पट्ट्याचं सगळं मोल या मधल्या काळात आहे. हा काळ नजरेआड झाला की पट्ट्याबद्दलचे दावे भरकटतात. इतिहासात तसं घडलंही.

अवयवाला पट्टा आवळणं शल्यचिकित्सेला मुळीच नवं नव्हतं. फ्रेंच शल्यचिकित्सक झां-लुई पेती यांनी १७१८ मध्ये स्क्रूनं घट्ट होणारं टूर्निके, म्हणजे रक्त अडवणारा पट्टा, बनवलं. १९०४ मध्ये हार्वी कुशिंग यांनी हवेनं फुगणारा पट्टा आणला. गुडघ्याच्या अनेक शस्त्रक्रिया आजही मांडीवर असा पट्टा फुगवूनच होतात. जर्मनीत ऑगस्ट बीअर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांध्यांच्या क्षयरोगावर रबरी पट्टी बांधून रक्त तुंबवण्याचा उपचार चालवला होता. हेच बीअर १९२० मध्ये बर्लिनच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे पहिले प्रमुख झाले. तुंबलेलं रक्त आणि व्यायाम हे दोन्ही विषय एका माणसाच्या हाताखालून गेले. त्यांची सांगड मात्र दुसऱ्याच देशात, वैद्यकाबाहेरच्या माणसानं घातली.

त्याचं नाव योशिआकी सातो. १९६६ साली तो अठरा वर्षांचा होता आणि शरीर कमावण्याच्या नादानं झपाटलेला होता. एका बौद्ध श्राद्धविधीला तो जपानी रिवाजाप्रमाणे पाय दुमडून, आपल्या वज्रासनासारखा बसला. विधी लांबला, पाय बधिर झाले, पोटऱ्यांना मुंग्या आल्या. तो पोटऱ्या चोळू लागला तेव्हा त्याला जाणवलं की, चवड्यांवर उभं राहून भरपूर व्यायाम केल्यावर पोटऱ्या जशा फुगीर, ताठ लागतात तशाच त्या आत्ता लागताहेत. व्यायामानं येणारी ही ताठरता रक्त तुंबल्यामुळे तर येत नसेल? मग रक्त मुद्दाम अडवून व्यायाम केला तर?

सातोनं स्वतःवरच प्रयोग सुरू केले. सायकलच्या ट्यूब, दोऱ्या, पट्ट्या असं जे हाती लागेल ते दंडांना आणि मांड्यांना बांधून तो वजनं उचले. किती आवळायचं याचं कुठलंही माप त्याच्याकडे नव्हतं. त्याच्याच सांगण्यानुसार या खटाटोपात एकदा त्याच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली आणि रुग्णालय गाठावं लागलं. तरी त्यानं नाद सोडला नाही. आवळण्याचं प्रमाण तो कमी-जास्त करून पाहत राहिला.

१९७३ मध्ये बर्फावर घसरण्याच्या खेळात, स्कीइंग करताना, तो जोरात आपटला. घोटा मोडला, गुडघ्यालाही जबर इजा झाली. बरं व्हायला सहा महिने लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाय प्लास्टरमध्ये होता, पण मांडीचा वरचा भाग मोकळा होता. सातोनं तिथे पट्टा बांधला. तीस सेकंद आवळायचा, काही सेकंद सोडायचा, आणि तेवढ्यात प्लास्टरच्या आतल्या आत स्नायू ताणून धरायचे, दिवसातून तीनदा. सहा आठवड्यांनी तो बरा झाला आणि मांडी झिजण्याऐवजी भरल्याचं पाहून डॉक्टर चकित झाले, असं सातोनं पुढे लिहिलं आहे. ही एका माणसाची, स्वतःबद्दलची आठवण आहे; तिला पुरावा म्हणता येत नाही. पण पुढच्या पन्नास वर्षांतल्या संशोधनाचा प्रश्न तिनं नेमका मांडून ठेवला. भार जवळजवळ शून्य असताना, नुसतं रक्त अडवून, जायबंदी पायाची झीज थांबवता येते का?

१९८० च्या दशकात सातो आपल्या जिममध्ये लोकांना ही पद्धत शिकवू लागला. काअत्सू हे तिचं नाव. १९९० च्या दशकात त्यानं पेटंट घेतलं. जिमबाहेर मात्र तिला शास्त्रीय प्रतिष्ठा नव्हती. ती मिळाली टोकियो विद्यापीठातल्या नाओकाता इशी यांच्यामुळे. इशी हे स्नायूंच्या शरीरक्रियेचे प्राध्यापक होते, आणि १९८० च्या दशकात जपानचं शरीरसौष्ठवाचं अजिंक्यपद मिळवलेले खेळाडूही. सातोच्या दाव्याकडे ते जिममधली भाकडकथा म्हणून पाहू शकले असते. तसं न करता त्यांनी तो मोजायला घेतला, आणि हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

२००० साली इशी आणि त्यांचे सहकारी युदाई ताकाराडा यांचे निबंध एकामागून एक प्रसिद्ध झाले. एकात फक्त २० टक्के भारावर, पट्टा बांधून पायाचा व्यायाम केलेल्या तरुणांच्या रक्तात ग्रोथ हार्मोन मूळ पातळीच्या २९० पट वाढल्याची नोंद होती. हा आकडा जगभर गाजला. आमच्या विषयासाठी मात्र दुसरा, कमी गाजलेला निबंध महत्त्वाचा आहे, कारण तो थेट एसीएलच्या पेशंटांवर होता.

त्या अभ्यासात सोळा जण होते. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी, पेशंट अजून पलंगावरच असताना, निम्म्या जणांच्या मांडीला हवेचा पट्टा चढवण्यात आला. पाच मिनिटं पट्टा फुगलेला, तीन मिनिटं सैल. अशा पाच फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ. दाब १८० मिलिमीटर पाऱ्यापासून सुरू करून हळूहळू वाढवत नेला. या वेळात त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला नव्हता. पाय नुसता पडून होता. उरलेल्या पेशंटांच्या पायावर पट्टा होता, पण तो फुगवलेला नव्हता. चौदाव्या दिवसापर्यंत हा क्रम चालला. मग एमआरआय काढून मांडीचा आडवा छेद मोजला. पट्टा न फुगवलेल्यांच्या पुढच्या स्नायूंची झीज २०.७ टक्के होती, पट्टा फुगवलेल्यांची ९.४ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी.

तीन वर्षांनी, २००३ मध्ये, जपानमधल्याच ओहता आणि सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी ४४ पेशंटांना सोळा आठवडे हलका व्यायाम दिला. निम्म्यांना पट्ट्यासह, निम्म्यांना पट्ट्याशिवाय. पट्टा बांधलेल्यांच्या मांडीची ताकद अधिक परतली. सातोनं प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या केलेल्या खटाटोपाला आता आकड्यांचा आधार मिळाला होता.

हे होतं कसं? पट्टा योग्य दाबानं आवळला की धमनीतून स्नायूकडे येणारं रक्त कमी होतं, पण बंद पडत नाही. परत जाणाऱ्या शिरा मात्र जवळजवळ मिटतात. रक्त स्नायूत साचतं, प्राणवायू संपत येतो, लॅक्टेट तुंबतं. हलक्या कामाला एरवी पुरे पडणारे चिवट तंतू लवकर थकतात आणि मग शरीराला ते दणकट, जलद तंतू कामाला लावावे लागतात, जे एरवी जड वजनालाच जागे होतात. भार २० टक्के असला तरी स्नायूला तो कितीतरी जड वाटतो. सांध्यावर आणि नव्या लिगामेंटवर मात्र पडतो तो २० टक्केच. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की, अशा एका व्यायामानंतर स्नायूत प्रथिनं तयार होण्याचा वेग ४६ टक्क्यांनी वाढतो आणि पेशीतली वाढीची यंत्रणा जागी होते. त्या गाजलेल्या ग्रोथ हार्मोनचं महत्त्व मात्र उतरत गेलं. क्षणभर वाढलेल्या हार्मोनमुळे स्नायू वाढतो, हे बहुतेक अभ्यासक आता मान्य करत नाहीत.

दरम्यान जपानमध्ये काअत्सूच्या शाखा वाढत होत्या आणि सुरक्षिततेचा प्रश्न टाळता येण्याजोगा राहिला नव्हता. २००६ मध्ये तोशिआकी नाकाजिमा आणि सहकाऱ्यांनी १०५ केंद्रांमधल्या १२,६४२ लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. १३.१ टक्के लोकांच्या कातडीखाली रक्त साकळलं होतं, १.३ टक्के लोकांना बधिरपणा जाणवला होता. शिरेत गुठळी होण्याचं प्रमाण ०.०५५ टक्के आणि फुप्फुसात गुठळी जाण्याचं ०.००८ टक्के, म्हणजे अख्ख्या पाहणीत एक माणूस. ही माहिती केंद्रांनी स्वतःहून दिलेली होती आणि काअत्सूच्याच वर्तुळातल्या नियतकालिकात छापली गेली होती, हे विसरून चालणार नाही. तरीही धोका असलाच तर तो अगडबंब नाही, हे त्यातून पुढे आलं. प्रश्न दाबाचा होता. जाड मांडी आणि सडपातळ मांडी, रुंद पट्टा आणि अरुंद पट्टा, चढता रक्तदाब आणि उतरता रक्तदाब, या सगळ्यांना १८० हा एकच आकडा लावणं म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचा बूट घालणं. कुणाला तो सैल, कुणाला घातक.

हा प्रश्न सुटला तो शस्त्रक्रियेच्या दालनातून आलेल्या यंत्रानं. कॅनडातल्या व्हँकूव्हरचे अभियंता जेम्स मॅकीवन यांनी १९८० च्या दशकात संगणकानं दाब राखणारं टूर्निके बनवलं होतं. जुन्या पट्ट्यांमुळे शस्त्रक्रियेत मज्जातंतूंना होणाऱ्या इजा टाळणं हा त्यामागचा हेतू. प्रत्येक पेशंटच्या पायात रक्त पूर्ण थांबायला नेमका किती दाब लागतो, हे मोजायचं आणि त्याहून फार वर जायचं नाही, हे त्या कामाचं सार. पट्ट्याच्या व्यायामाला याच मापाची गरज होती.

ते माप आणि तो व्यायाम टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत एकत्र आले. इराक आणि अफगाणिस्तानात सुरुंगांच्या स्फोटांत पायांच्या चिंधड्या झालेले सैनिक तिथल्या लष्करी पुनर्वसन केंद्रात, सेंटर फॉर द इंट्रेपिडमध्ये, येत होते. २००७ मध्ये हे केंद्र उघडलं. शल्यचिकित्सकांनी पाय वाचवलेले असत, पण त्या पायात मांस उरलेलं नसे. सांधे आणि हाडं जड वजन घेण्याच्या स्थितीत नसत. वाचवलेला पाय नकोसा होऊन तो कापून टाकण्याची मागणी करणारे सैनिकही होते. जॉनी ओवेन्स हे तिथले फिजिओथेरपिस्ट जपानी निबंध वाचून या पद्धतीकडे वळले. शस्त्रक्रियेच्या दर्जाचं टूर्निके वापरून त्यांनी हलके व्यायाम सुरू केले. २०१५ मध्ये त्यांच्या चमूनं सात पेशंटांची नोंद प्रसिद्ध केली. नेहमीच्या उपचारांनी अडून बसलेली ताकद साऱ्यांच्याच पायात वाढली होती. सात हा आकडा लहान आहे आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. पण ज्यांच्यासाठी दुसरा मार्गच उरला नव्हता अशा माणसांच्या पायात फरक पडलेला पाहिल्यावर अमेरिकी फिजिओथेरपीचं लक्ष तिकडे वळणं साहजिक होतं.

सैनिकांपाठोपाठ खेळाडू आले. ह्यूस्टनच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या जेडेव्हिऑन क्लाउनीवर डिसेंबर २०१४ मध्ये गुडघ्याची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि त्याच्या पुनर्वसनात हा पट्टा होता. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकी जलतरणपटू मायकेल अँड्र्यूच्या हाता-पायांवरचे काअत्सू पट्टे टीव्हीवर जगानं पाहिले. पुनर्वसनाचं साधन इथे कामगिरी वाढवण्याचं साधन म्हणून झळकलं आणि बाजारानं ते उचललं. ऑनलाइन दुकानांत स्वस्त इलॅस्टिकचे पट्टे आले. सायकलच्या ट्यूबपासून निघालेली गोष्ट माप नसलेल्या पट्ट्यापाशी पुन्हा येऊन ठेपली, हा या इतिहासातला मागे जाणारा भाग.

शास्त्र मात्र पुढे जात होतं. २०१९ मध्ये अनेक देशांतल्या संशोधकांनी एकत्र येऊन या व्यायामाची मार्गदर्शक चौकट मांडली. भार कमाल ताकदीच्या २० ते ४० टक्के. दाब त्या व्यक्तीच्या पायात रक्त पूर्ण थांबवणाऱ्या दाबाच्या ४० ते ८० टक्के. सर्वाधिक वापरला जाणारा क्रम म्हणजे आधी तीस आवर्तनं, मग पंधराच्या तीन फेऱ्या. एकूण ७५, मध्ये अर्धा ते एक मिनिट विश्रांती.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? पेशंट पाय सरळ करून आडवा पडतो. मांडीच्या अगदी वरच्या टोकाला रुंद पट्टा बांधला जातो. थेरपिस्ट घोट्याच्या आतल्या बाजूला जेल लावून डॉप्लरची कांडी टेकवतो आणि धमनीचा सूं-सूं आवाज शोधतो. पट्टा फुगू लागतो, आवाज क्षीण होतो आणि एका क्षणी थांबतो. यंत्रावर त्या वेळी दिसणारा आकडा म्हणजे त्या पायाचा शंभर टक्के दाब. मग पट्टा सैल करून दाब ठरलेल्या टक्क्यांवर आणला जातो आणि व्यायाम सुरू होतो. पहिली वीस आवर्तनं सोपी जातात. तिसाव्याला मांडी पेटल्यासारखी होते. दुसऱ्या विश्रांतीत पेशंट घड्याळाकडे पाहू लागतो. पंचाहत्तरावं आवर्तन संपून हवा सुटली की पायात ऊब धावते. वजन मात्र इतकं किरकोळ असतं की चांगल्या पायानं ते सहज उचलावं.

२०१९ मध्येच लंडनमधल्या ल्यूक ह्यूज, स्टीफन पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २८ एसीएल पेशंटांवरची तुलना प्रसिद्ध केली. एका गटानं ३० टक्के भारावर पट्टा बांधून व्यायाम केला, दुसऱ्यानं ७० टक्के भारावर पट्ट्याशिवाय. आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. दोन्ही गटांत स्नायूंची जाडी आणि ताकद जवळपास सारखीच वाढली. पण पट्टा बांधलेल्यांचा गुडघा कमी दुखला आणि सूजही कमी राहिली. डिलॉर्मचा जड भार आणि सातोचा पट्टा एकमेकांसमोर उभे राहिले ती ही चाचणी. स्नायूच्या हिशेबात बरोबरी झाली, सांध्याच्या हिशेबात पट्टा पुढे गेला. अशा तुलनेत याहून उपयोगी निकाल कुठला असेल?

तरीही सगळे निकाल बाजूनं लागलेले नाहीत आणि ते झाकून ठेवणं वाचकावर अन्याय ठरेल. २०१६ मध्ये नॉर्वेच्या इव्हर्सन आणि सहकाऱ्यांनी ताकाराडांच्या मूळ अभ्यासासारखाच, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतला प्रयोग २४ खेळाडूंवर केला. पट्टा फुगवलेल्यांची झीज १३.८ टक्के, न फुगवलेल्यांची १३.१ टक्के. फरक शून्यच म्हणायचा. इथे दोन्ही गट मांडीचे हलके व्यायाम करत होते. सुरुवातीचं पुनर्वसन नीट चालू असेल तर नुसतं आवळणं-सोडणं फारशी भर घालत नसावं, असा याचा अर्थ लावता येतो. चार वर्षांनी मिशिगन विद्यापीठात ३४ पेशंटांवर वेगळा प्रयोग झाला. तिथे पट्टा जड भाराच्या जोडीला वापरला. पट्टा बांधलेल्यांना जादा फायदा झाला नाही.

हे दोन निकाल जपानी आणि ब्रिटिश निकालांशेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. जिथे पेशंट जड वजन उचलू शकतो तिथे पट्टा लावून वेगळं काही साधत नाही. नुसता पडून असलेल्या पायावर पट्टा फुगवल्याचा लाभ मोठ्या खात्रीनं सांगता येत नाही. लाभ ठळक दिसतो तो मधल्या काळात, हलक्या भाराला पट्ट्याची जोड दिली जाते तेव्हा. शस्त्रक्रियेनंतरचे ते काही आठवडे पट्ट्याचे. गुडघा भार पेलू लागला की जड वजनाकडे वळलंच पाहिजे, कारण धावताना, उडी मारून उतरताना गुडघ्याला जी ताकद लागते तिची तयारी शेवटी जड भारावरच होते. डिलॉर्मचा नियम मोडला नाही. तो पाळता येत नाही अशा काळासाठी तोड सापडली.

आज मुंबई-पुण्यातल्या क्रीडा फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत हे पट्टे आले आहेत. कबड्डीच्या चढाईत पाय अडकून, फुटबॉलमध्ये गर्रकन वळताना, दुचाकीच्या अपघातात एसीएल तुटलेली तरुण मुलं-मुली तिथे येतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी दोन गोष्टी सांगणं गरजेचं आहे. एक, दाब मोजल्याशिवाय पट्टा बांधून घेऊ नका. डॉप्लरनं किंवा यंत्रानं आपल्या पायाचं माप घेतलं का, हे थेरपिस्टला सरळ विचारा. घरी इलॅस्टिक, ओढणी किंवा ट्यूब बांधून हा प्रयोग करू नका. दोन, पूर्वी शिरेत गुठळी झाली असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, पायाच्या शिरा फुगलेल्या असतील किंवा गरोदरपण असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा. विदर्भ आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. या आजारात प्राणवायू कमी झाला की लाल पेशी वाकड्या होऊन अडकतात, त्यामुळे रक्त अडवणारा व्यायाम तिथे धोक्याचा ठरू शकतो. त्या भागातल्या खेळाडूंनी सिकलसेलची साधी रक्ततपासणी करून घ्यावी आणि तिचा कागद हातात आल्यावरच मांडीवर पट्टा चढवू द्यावा.